तिसऱ्या दिवसाचा रकाना

नवरा-बायको चाकांच्या बॅगा ओढत संध्याकाळी रस्त्याने निघाले, तर त्याचे दोनच अर्थ होतात असं आमच्या इमारतीचं मत आहे. एक तर ते गावाला चाललेत, नाहीतर त्यांचं बिनसलंय. आम्ही सलग नऊ संध्याकाळी असे निघालो आणि नऊही वेळा बॅगांसकट घरी परत आलो. तेव्हा लोकांनी दोन्ही अर्थ एकत्र केले. बायको माहेरी निघते आणि मी तिला रोज कोपऱ्यावरून समजूत काढून परत आणतो, असं सर्वानुमते ठरलं. समोरच्या काकू तर एकदा मुद्दाम मी आतल्या खोलीत असताना आल्या आणि हिला म्हणाल्या, "अगं, विक्षिप्त असला तरी माणूस वाईट नाही. थोडं सांभाळून घे." मी आत बनियनवर उभा होतो, त्यामुळे बाहेर येऊन खुलासा करता आला नाही.

खुलासा अगदी साधा होता. लग्नाला पंचवीस वर्षं होत होती, त्यानिमित्त आम्ही चार दिवस परदेशी जाणार होतो आणि मी त्याची रंगीत तालीम घेत होतो. लोक नाटकाची तालीम घेतात, कवायतीची घेतात. मग ज्या प्रवासात माणूस भाषा, रस्ते आणि तब्येत या तिन्ही बाबतींत उघडा पडतो, त्याची तालीम घेतली तर बिघडलं काय?

मी शहर बससेवेच्या वेळापत्रक विभागात आहे. एकशे चौदा नंबरची बस दवाखान्याच्या थांब्यावर सात बावीसला येते असं जे पाटीवर लिहिलेलं असतं, ते मी लिहिलेलं असतं. ती सात बावीसला येत नाही, हा चालकांचा प्रश्न आहे. अठ्ठावीस वर्षं मी हे काम करतोय आणि कागदावर माझी एकही बस आजवर चुकलेली नाही.

बायकोचं सगळं याच्या उलट. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. अर्ध्या शहराचे डोळे तिने तपासलेत आणि उरलेल्या अर्ध्यांच्या काड्या सरळ केल्यात. तिला माणसांची नावं आठवत नाहीत, नंबर आठवतात. रस्त्यात कुणी भेटलं की माझ्या कानात पुटपुटते, "हे उणे साडेतीन. उजवा जरा जास्त." मग ते उणे साडेतीन थांबतात, नाकावरचा चष्मा काढून तिच्या हातात देतात, ती पर्समधून बोटाएवढा पेचकस काढते आणि तिथेच रस्त्यात दुकान सुरू होतं. कोपऱ्यावरून पाव आणायला आम्हाला पन्नास मिनिटं लागतात. पन्नासांतली सेहेचाळीस मिनिटं मी दिव्याच्या खांबाला टेकून उभा असतो.

तर परदेशाचं ठरलं आणि मी जेवणाच्या टेबलावर तक्ता पसरला. चार दिवसांचे चार मोठे रकाने, प्रत्येकात अर्ध्या अर्ध्या तासाच्या ओळी. ही चष्मा पुसत पुसत तक्त्याकडे बघत होती. बराच वेळ बघून म्हणाली, "अहो, तिसरा दिवस मला द्या."

"दिला," मी पेन्सिल उचलली. "काय लिहू?"

"काही लिहू नका."

"म्हणजे रिकामा?"

"रिकामा."

"किती वाजल्यापासून रिकामा?"

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "हे बघा, घरात तुमच्या वेळापत्रकावर चालते, दुकानात गिऱ्हाइकांच्या. तिथे मला कुणी ओळखत नाही, कुणी माझ्या हातात चष्मा देणार नाही. एक दिवस असा हवाय की सकाळी उठल्यावर मला काय करायचंय ते माझं मला ठरवता यावं. एवढं एकच मागतेय. बाकी तीन दिवस तुम्ही म्हणाल तिथे, म्हणाल त्या मिनिटाला येईन."

हे ती हसत म्हणाली नाही, म्हणून मीही गंभीरपणे शब्द दिला. तिसऱ्या रकान्याभोवती लाल पेन्सिलीने चौकट आखली आणि आत काहीही लिहिलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही असं मी म्हणणार नाही, पण लागायला वेळ लागला.

मग तालमी सुरू झाल्या. तिथल्या हॉटेलपासून रेल्वे स्टेशन चौदाशे मीटर होतं. आमच्या घरापासून अग्निशमन केंद्रही बरोबर चौदाशे मीटर आहे. बॅगांत वजन हवं म्हणून मी जुनी वेळापत्रकं भरली, प्रत्येकी बारा किलो. ठरलेला वेळ वीस मिनिटं. पहिल्या दिवशी एक तास दहा मिनिटं लागली, कारण वाटेत दोन सैल स्क्रू आणि एक तुटलेली काडी भेटली. चौथ्या दिवशी मी हिला डोक्यावरून ओढणी पुढे घ्यायला लावली, तरी लोकांनी ओळखलं. अग्निशमनवाल्यांनी पाचव्या दिवशी आम्हाला आत बोलावून पाणी दिलं आणि घरी काही अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा म्हणाले.

आमच्या वरच्या मजल्यावर एक सेवानिवृत्त गृहस्थ राहतात. त्यांना सगळे जगप्रवासी म्हणतात. ते एकदा मुलीकडे परदेशात दोन महिने राहून आलेत आणि त्यांतले पंधरा दिवस नातीला शाळेत सोडायला घराबाहेरही पडलेत. ते रोज जिन्यात मला गाठायचे. "तिकडची थंडी अंगाला लागत नाही," आवाज खाली आणून सांगायचे, "हाडाला लागते." दुसऱ्या दिवशी सांगायचे, "कागद चार ठिकाणी ठेवा. एक संच बॅगेत, एक खिशात, एक बायकोकडे."

"आणि चौथा?"

"चौथा कुठे ठेवलाय ते कुणालाही सांगायचं नाही." त्यांचा चौथा संच अजून सापडलेला नाही, असं त्यांच्या बायकोने नंतर सांगितलं.

हे सगळं मी सहन केलं. घोडं अडलं ते कार्यालयात. आमच्याकडे परदेशी जायचं तर ना हरकत दाखला लागतो. मी अर्ज केला आणि सोबत तक्त्याची स्वच्छ प्रत जोडली. मनात होतं, असा अर्ज त्यांनी जन्मात पाहिला नसेल. आस्थापना विभागातल्या कारकुनाने तो तीन दिवसांनी परत केला. तिसऱ्या रकान्यावर त्याने प्रश्नचिन्ह काढलं होतं.

"या दिवशी काय?"

"काही नाही."

"काही नाही असं कसं? कर्मचारी एक सबंध दिवस परदेशात कुठे होता, याची नोंद नको?"

"तो दिवस बायकोचा आहे."

"बायको आपल्या सेवेत आहे का?"

"नाही."

"मग तिच्या नावावर दिवस टाकता येणार नाही," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला. आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? मी फक्त कागदापुरतं, केवळ त्या माणसाचं समाधान व्हावं म्हणून, रकान्यात 'नौकाविहार' असा एक शब्द लिहिला. घरच्या तक्त्यावर नाही, कार्यालयातल्या प्रतीवर. घरची चौकट रिकामीच होती. मी शब्द मोडला असं कायद्याने कुणालाही म्हणता आलं नसतं.

अर्ज वर गेला आणि मोठ्या साहेबांच्या शेऱ्यासह खाली आला: 'नौकाविहाराच्या आरक्षणाची प्रत जोडावी.' जाण्याला जेमतेम तीन आठवडे उरले होते. मी दुपारच्या सुट्टीत कार्यालयातच बसून त्या शहरातल्या एका बोटीची दोन तिकिटं काढली. सकाळी नऊ चाळीस, धक्का क्रमांक दोन. प्रत जोडली आणि दाखला दोन दिवसांत हातात आला.

खरं म्हणजे इथे हे प्रकरण संपायला हवं होतं. पण तिकीट परत होत नव्हतं, आणि नऊ चाळीस ही वेळ मला फार आवडली. हॉटेलपासून धक्का सातशे मीटर, म्हणजे नऊ अठ्ठावीसला निघालं की झालं. हळूहळू मला असंही वाटायला लागलं की बायकोला ऐनवेळी काही सुचलं नाही तर तिचाच दिवस फुकट जाईल. बोट असलेली बरी. सांगायचं मात्र नाही, अचानक न्यायचं, ती खूश होईल. रकाना रिकामाच राहील, फक्त त्यात एक बोट असेल. माणूस स्वतःची समजूत घालायला लागला की किती हुशार होतो, हे मला तेव्हा नीट कळलं.

निघण्याच्या दिवशी विमानतळावर हिच्या पर्समधला पेचकस काढून घेतला. हिने त्या सुरक्षा रक्षकबाईंना परोपरीने समजावलं की याने कुणाला इजा करता येत नाही, फार तर कुणाला नीट दिसायला लागेल. उपयोग झाला नाही. बायको विमानात तासभर गप्प होती. खिडकीची जागा दिली तरी बोलली नाही.

तिथे उतरल्यावर मात्र माझी पाळी आली. काचेमागच्या अधिकाऱ्याने विचारलं की कशासाठी आलात. मी तयारीतच होतो. मी तक्ता उघडून त्याच्यासमोर पसरला आणि पहिल्या दिवसापासून समजावायला सुरुवात केली. तो दुसऱ्या दिवसाच्या साडेअकरापर्यंत ऐकत होता. मग त्याने दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावलं. फिरायला आलेला माणूस संग्रहालयातल्या स्वच्छतागृहासाठी सहा मिनिटं लिहून आणतो, यावर त्यांचा विश्वास बसेना. आम्हाला बाजूच्या खोलीत बसवलं. लाल चौकटीवर बोट ठेवून दुसऱ्या अधिकाऱ्याने विचारलं, "या दिवशी काय आहे? हाच दिवस का लपवलाय?"

खरं सांगावं तर बायको शेजारी, खोटं सांगावं तर सरकार समोर. तेवढ्यात हिचं लक्ष त्या अधिकाऱ्याच्या नाकाकडे गेलं. चष्मा घसरत होता आणि तो दर वाक्याला वर ढकलत होता. हिने हात पुढे केला. त्यानेही का कोण जाणे, चष्मा काढून दिला. हिने चष्म्याच्या नाकावर टेकणाऱ्या दोन्ही छोट्या गाद्या अंगठ्याने आत दाबल्या, काड्या कानाच्या बेतात वाकवल्या आणि परत दिला. त्याने लावला, मान हलवून बघितली, खाली वाकून बघितलं. मग दोन्ही पासपोर्टांवर शिक्के मारले. बाहेर आल्यावर ही म्हणाली, "बघा, पहिल्याच तासात दुकान उघडलं." पण हसत होती.

पहिले दोन दिवस तक्त्याप्रमाणे गेले. म्हणजे जवळजवळ. संग्रहालयात एका फार मोठ्या चित्रासमोर ही उभी राहिली तेव्हा मी घड्याळाला हात लावला, आणि ती खरंच निघाली. तिने शब्द पाळला. प्रत्येक दाराशी, प्रत्येक पुलावर, म्हटलेल्या मिनिटाला. वेळापत्रक मोडलं ते मीच. दुसऱ्या दिवशी एका बसथांब्यावरच्या फलकावर लिहिलं होतं की बस चार मिनिटांत येईल, आणि ती चार मिनिटांत आली. मी तिच्यात चढलो नाही. म्हटलं, योगायोग असेल. पुढची नऊ मिनिटांत येणार होती, ती नऊ मिनिटांत आली. एक तरी चुकेल म्हणून मी पाच बस सोडल्या. हा माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या सेवेचा जाहीर अपमान होता आणि मी तो उभ्याने पाहिला. तक्त्यातली राजवाड्याची बाग त्यात बुडाली. ही बाकावर बसून आल्यागेल्यांचे चष्मे बघत होती. सहाव्या बसला मात्र तिने माझा दंड धरून आत चढवलं.

तिसरा दिवस उजाडला. मी सात वाजता बूट घालून खुर्चीत बसलो. ही झोपली होती. आठ वाजले, साडेआठ वाजले. मी एकदा खोकलो, एकदा पडदा सरकवला, एकदा बॅगेची चेन उघडून बंद केली. पावणेनऊला तिने डोळे उघडले आणि छताकडे बघत पडून राहिली.

"आज हवा छान पडलीय," मी म्हणालो. "पाण्यावर तर विशेष छान असेल."

"हो का," ती म्हणाली.

"म्हणजे मी आपलं सहज म्हणालो. नदीकडे एक चक्कर मारू. दिवस तुझाच आहे."

"चला की," ती म्हणाली आणि इतक्या सावकाश चहा प्यायली की कपातला तळाचा घोट गारठला असेल. नऊ अठ्ठावीस ऐवजी आम्ही नऊ अठराला निघालो, पण वाचलेल्या दहातली सहा मिनिटं तिने पहिल्याच चौकात संपवली. पितळी कुलपांच्या दुकानासमोर थांबली. एका खिडकीतल्या मांजरासमोर थांबली. मांजर काही करत नव्हतं, तरी थांबली. मला त्या गारव्यात घाम फुटला. धक्का क्रमांक दोनवर पोचलो तेव्हा नऊ चौतीस झाले होते आणि पांढरी बोट भरत आली होती. तिकिटं माझ्या आतल्या खिशात होती.

"अरे वा, बोट दिसतेय," मी म्हणालो. माझं मलाच ते फार खोटं वाटलं.

ती धक्क्यावरच्या बाकावर बसली. "बसा."

"बसायला वेळ... म्हणजे..."

"अहो, बसा. तिकिटं आहेत ते माहीत आहे मला."

मी बसलो. तिने फोन काढून माझ्यापुढे धरला. बोट कंपनीचा निरोप होता. दोन प्रवासी, नऊ चाळीस, धक्का दोन. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. तेव्हा माझ्या लक्षात आलं. कार्यालयात अठ्ठावीस वर्षं कुठल्याही फेरीत बदल झाला की कागदाच्या तळाशी मी लिहितो: 'प्रत माहितीसाठी, संबंधितांना.' बोटीच्या अर्जातही शेवटी विचारलं होतं की आणखी कुणाला कळवायचं आहे का. माझा हात आपोआप चालला होता. दिवस हिचा, तेव्हा संबंधित हीच. मी स्वतःच्या गुन्ह्याची प्रत रीतसर फिर्यादीला पाठवली होती.

"त्या कारकुनासाठी..." मी सुरुवात केली.

"कुणासाठी का असेना. बोटीचं काही नाही हो." ती नदीकडे बघत बोलत होती. "मी वाट बघत होते. म्हटलं, तीन आठवडे आहेत, कधीतरी सांगतील. निदान कधीतरी विचारतील, की तिसऱ्या दिवशी तुला काय करायचंय. दिवस मागितला तेव्हा तुम्ही किती वाजल्यापासून ते विचारलंत. काय करायचंय, ते नाही विचारलंत. रकाना भरलात तेव्हाही नाही."

मला लाज वाटली. लोकांनी नावं ठेवल्यावर वाटते ती मला नेहमीच वाटते, तिची सवय आहे. ही वेगळी होती. मी पंचवीस वर्षं या बाईला वेळा सांगत आलो होतो आणि ती त्या पाळत आली होती, आणि तिने मागितलेली एकमेव गोष्ट मी एका शिक्क्यासाठी भरून टाकली होती. माफ कर असं मी म्हणालो. मग जे आधीच म्हणायला हवं होतं तेही म्हणालो.

"तुला काय करायचंय?"

तिला हसू फुटलं. "खरं सांगू? मला माहीत नाही. तुम्ही विचाराल असं धरलंच नव्हतं."

बोटीवरचा माणूस आमच्याकडे बघून हात हलवत होता. दोन जागा राहिल्या होत्या.

"बोटीत बसायचंय?"

"विचारताय की सांगताय?"

"विचारतोय."

तिने खरोखर विचार केला. "मग नको," ती म्हणाली. बोटीने भोंगा दिला आणि ती बरोबर नऊ चाळीसला सुटली. या देशाचं हे एक मला शेवटपर्यंत पटलं नाही.

आम्ही बसून राहिलो. ती विचार करत होती आणि मी मधे बोलत नव्हतो. बऱ्याच वेळाने तिने निर्णय जाहीर केला. "मला हॉटेलवर जाऊन झोपायचंय. चांगलं बारापर्यंत. आणि तुम्ही फिरायचं."

"मी? एकट्याने?"

"एकट्याने. तक्ता माझ्याकडे द्या, घड्याळही द्या. आल्यावर सांगा काय काय पाहिलंत. वेळा सांगू नका."

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या प्रवासात बायकोला स्वतःच्या हक्काचा एक दिवस मिळतो आणि त्यात तिला नवरा नको असतो, हे पचवायला मला दोन गल्ल्या लागल्या. तिसऱ्या गल्लीत मी चुकलो. आजवर मी रस्ता चुकलो की कुणाला कळू न देता परत फिरत आलोय, पण इथे लपवायचं कुणापासून? तसाच पुढे गेलो. एका अंगणात एक म्हातारा खुर्च्यांना वेताचं विणकाम करत होता, त्याच्या शेजारी उभा राहिलो. त्याने मला वेताचं एक टोक धरायला दिलं आणि मी ते खुर्ची पुरी होईपर्यंत धरून ठेवलं. किती वेळ ते खरंच माहीत नाही. त्याच्या दारात निळी सायकल होती आणि भिंतीवरून पिवळ्या फुलांचा वेल उतरत होता.

पोटात कावळे ओरडायला लागले तेव्हा विचारत विचारत हॉटेलवर पोचलो. ही उठून खिडकीत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. वेत कसा भिजवतात, गाठ कुठे लपवतात, म्हाताऱ्याचे हात कसे आहेत. मी इतका वेळ बोलतोय आणि त्यात एकही आकडा नाही, हे माझ्या बरंच उशिरा लक्षात आलं. तिने हनुवटीखाली हात घेऊन शेवटपर्यंत ऐकलं आणि पायात चपला सरकवल्या.

"चला, आता मला दाखवा ते अंगण."

मी गल्लीचं नाव बघितलं नव्हतं. सबंध दुपार आम्ही ते अंगण शोधलं. निळ्या सायकली सात सापडल्या, अंगण काही सापडलं नाही. दर कोपऱ्यावर मी तिला विचारत होतो, डावीकडे की उजवीकडे. आणि ती दर वेळी थांबून, नीट विचार करून, अगदी ठामपणे चुकीचं सांगत होती.